मोजणी आणि निवाडा : विदाशास्त्र व सार्वजनिक धोरण यांचा जोडअभ्यास

लोककल्याणाची कोणतीही योजना हाती घ्यावयाची म्हणजे प्रथम मोजणी करावी लागते. शाळेत जाण्याच्या वयाची मुले किती, कोरडवाहू जमीन किती, टँकरवर अवलंबून असलेल्या वाड्या किती, हे ठरल्याशिवाय निधीची तरतूद होत नाही. मोजणीनंतर निवाडा येतो. कोणाला आधी द्यावयाचे, कोणाला नंतर आणि कोणाला नाही, हे त्यात ठरते. आजवर ही दोन कामे बहुधा दोन वेगळ्या माणसांकडे असत. आकडे सांख्यिकी शाखा तयार करी आणि निर्णय प्रशासन घेई. दोघांच्या मधल्या जागेत काय हरवते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नसे.

ही मधली जागा भरून काढणारा एक विद्यार्थी आता विद्यापीठांतून तयार होऊ लागला आहे. पदव्युत्तर वर्गात तो दोन विषय एकत्र शिकतो. पहिला विदाशास्त्र, म्हणजेच ज्याला व्यवहारात डेटा सायन्स म्हणतात ते. मोठ्या प्रमाणावर जमा झालेली माहिती संगणकाच्या साहाय्याने स्वच्छ करणे, जुळविणे, तीतून कल शोधणे आणि पुढील अंदाज बांधणे, असे त्याचे स्वरूप आहे. दुसरा विषय सार्वजनिक धोरण. कायदा, अर्थसंकल्प, प्रशासनाची रचना आणि लोकांच्या गरजा यांचा मेळ घालून निर्णय कसे होतात व कसे व्हावेत, याचा तो अभ्यास होय. असा विद्यार्थी उद्या पंचायत समितीत, अंगणवाडीत किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तराशी येऊन बसेल. तो काय शिकतो आणि त्याने काय शिकावयास हवे, हे अधिकाऱ्यांना, शिक्षकांना व पंचायत सदस्यांना ठाऊक असणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

या जोडअभ्यासाचे सार थोडक्यात असे सांगता येईल : आकडा जन्माला कसा आला हे ज्याला ठाऊक नाही, त्याने त्या आकड्यावर निवाडा करू नये, आणि निवाडा ज्यांना लागू होणार, त्यांना तो आकडा तपासून पाहण्याची सोय असली पाहिजे.

विचार जुना, साधने नवी

संगणक नवा असला तरी हा विचार आपल्याकडे नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लेख लिहिला. शेतीचे तुकडे लहान म्हणून शेती तोट्याची, असे त्या वेळी सर्रास म्हटले जाई. धारणक्षेत्र किती एकरांचे आहे, एवढ्यावरून ते लाभदायक की तोट्याचे हे ठरत नाही. त्या जमिनीला भांडवल, अवजारे व श्रम यांची किती जोड मिळते, यावर ते ठरते, असे त्यांनी दाखवून दिले. आकडा एकटा बोलत नाही, तो कशाच्या प्रमाणात पाहावयाचा हे आधी ठरवावे लागते, हा धडा शंभर वर्षांनंतरही जुना झालेला नाही.

१९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेल्या अभ्यासाची परंपरा रुजली. १९३१ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकात्यास भारतीय सांख्यिकी संस्था उभारली आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीस आरंभ झाला. महालनोबिस यांचा जन्मदिवस, २९ जून, हा २००७ पासून सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

ग्रामीण वाचकाला जवळचे वाटेल असे उदाहरण डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेल्या या संख्याशास्त्रज्ञाने पीक उत्पादनाच्या अंदाजाला शास्त्रीय पाया मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. पूर्वी पीक किती आणे आले हे नजरेने ठरे. नजर पाहणाऱ्याची असते. सारा वसूल करावयाचा असेल तर एक दिसते, सूट मागावयाची असेल तर दुसरे. त्याऐवजी गाव, शेत आणि शेतातील तुकडा यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणाच्याही मर्जीविना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावयाचा, तेवढे पीक कापून वजन करावयाचे आणि त्यावरून उत्पन्न काढावयाचे, ही पीक कापणी प्रयोगाची पद्धत रूढ झाली. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपे आत मोजली जातात आणि उत्पन्न फुगते, हेही सुखात्मे यांनी दाखविले. दोरी कोठे धरली एवढ्याने आकडा बदलतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत नुकसानभरपाईचा संबंध याच प्रयोगांशी जोडला गेला, तेव्हा त्या दोरीचे मोल शेतकऱ्याला चांगलेच कळून आले.

मोजपट्टी कोणी ठरविली?

विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो मोजपट्टीचा. गरिबीचेच उदाहरण घेऊ. १९७१ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई दररोज २,२५० उष्मांक मिळतील एवढा आहार ज्या खर्चात पडतो, तो खर्च त्यांनी दारिद्र्याची सीमा मानली. नमुना पाहणीच्या आधारे १९६०-६१ साली ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक या सीमेखाली असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. डॉ. सुखात्मे यांनी अशा एकाच सरासरी मोजपट्टीवर आक्षेप घेतला. माणसामाणसाची उष्मांकांची गरज वेगळी असते, एकाच माणसाचीही दिवसागणिक बदलते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण अर्धपोटी आहे असे म्हणता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद दोन विद्वानांमधील वाटला, तरी त्याच्या निकालावर कोट्यवधी माणसांची गणती या बाजूला की त्या बाजूला, हे अवलंबून होते.

मोजपट्टीचा असाच परिणाम मजुरीवर होतो. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्रात रोजगार हमी योजना सुरू झाली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. पुढे २००५ मध्ये संसदेने देशासाठी केलेल्या रोजगार हमी कायद्याला हा अनुभव उपयोगी पडला. मजुराला किमान वेतन किती असावे, याचा हिशेब पागे समितीने उष्मांकांच्या आधारे मांडला होता आणि त्यातून रोज ४ रुपये हा आकडा आला. १९८० च्या सुमारास डॉ. अभय बंग यांनी त्या हिशेबाची एकेक पायरी मूळ शास्त्रीय आधारांशी ताडून पाहिली, त्यातील चुका दाखविल्या आणि हीच रीत नीट वापरली तर वेतन रोज १२ रुपये येते असे मांडले. पुढील काही वर्षांत मजुरी १२ रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. येथे कोणी मोर्चाची भाषा केली नव्हती. बेरीज-गुणाकार तपासला होता.

अशा हिशेबात एवढा फरक कसा पडतो, हे कल्पित आकड्यांनी समजून घेता येईल. समजा, एका माणसाच्या रोजच्या गरजांचा खर्च २ रुपये आहे. मजुरावर आणखी एक माणूस अवलंबून आहे असे धरले तर वेतन ४ रुपये येते. दोन माणसे अवलंबून धरली तर ६ रुपये. आता मजुराला वर्षाचे ३६५ दिवस काम मिळत नाही, २०० दिवसच मिळते, पण पोट मात्र रोज भरावे लागते, हे लक्षात घेतले तर ६ ला ३६५ ने गुणून २०० ने भागावे लागेल. उत्तर जवळजवळ ११ रुपये. गणिताची रीत एकच राहिली. केवळ दोन गृहीते बदलल्याने ४ चे ११ झाले. संगणक गुणाकारात चुकणार नाही. पण मजुराच्या घरात खाणारी तोंडे किती, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

तिसरे उदाहरण अनुशेषाचे. प्रादेशिक असमतोलाचा विचार करण्यासाठी प्रा. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. रस्ते, पाटबंधारे, वीज, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत जो जिल्हा राज्याच्या सरासरीच्या मागे आहे, त्याला सरासरीपर्यंत आणण्यास लागणारा खर्च म्हणजे अनुशेष, अशी मोजपट्टी समितीने घेतली आणि राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये ठरविला. भावनेने चाललेल्या चर्चेला प्रथमच आकड्याचा आधार मिळाला, हे त्या समितीचे मोठे काम होय. तथापि सरासरी ही स्थिर वस्तू नाही. पुढारलेले जिल्हे आणखी पुढे गेले की ती वर सरकते आणि मागासलेल्या जिल्ह्याने काम करूनही अनुशेष उरतो. जिल्ह्याच्या सरासरीत तालुक्याचे दारिद्र्य झाकले जाते, तालुक्याच्या सरासरीत पाड्याचे. मोजपट्टी निवडणे हाच धोरणाचा पहिला निर्णय असतो, असे म्हणावयाचे ते या अर्थाने.

नोंद न झालेली मुले

दुसरा प्रश्न नोंदीचा. मोजपट्टी योग्य असली तरी मोजावयाचे ते दप्तरात उतरले आहे काय, हे पाहावे लागते.

नवजात बालकाचा मृत्यू हा या दृष्टीने सर्वांत कठीण विषय आहे. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. मूल जन्मते आणि पहिल्याच दिवशी किंवा पहिल्या आठवड्यात दगावते. त्याचे बारसे झालेले नसते, नाव नसते. माहेरच्या गावाला वाटते नोंद सासरी होईल, सासरच्यांना वाटते ती माहेरी झाली असेल. क्षणभर श्वास घेऊन गेलेले मूल मृतजन्म म्हणून लिहिले जाते. अशा रीतीने एक मूल जन्मल्याची व गेल्याची दोन्ही नोंदी चुकतात आणि तालुक्याच्या तक्त्यात सर्व ठीक दिसते.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने केलेले काम या प्रश्नाचा पाठ म्हणून जगभर अभ्यासले जाते. तेथे गावातीलच माणसे जन्म-मृत्यूची नोंद ठेवीत आणि ठरावीक काळाने घरोघर फिरून ती पडताळली जाई. खरा आकडा हाती आल्यावर ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना शिकवून, नवजात बाळाची घरीच काळजी घेण्याची पद्धत सुरू करण्यात आली. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास अडकल्यास मदत करणे, जंतुदोषाची लक्षणे वेळीच ओळखून औषध देणे, अशी ती पद्धत होती. तुलनेसाठी ४७ गावे वेगळी ठेवण्यात आली व तेथे नेहमीची शासकीय आरोग्य सेवा चालू राहिली. कामाच्या गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी सुमारे २६ वर आले. तुलनेच्या गावांत ते ६० च्या आसपासच राहिले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

तुलनेची गावे कशासाठी, असा प्रश्न पंचायत सदस्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्या काळात पाऊसपाणी चांगले झाले असते, रस्ता झाला असता किंवा साथ ओसरली असती, तर मृत्यू आपोआपही घटले असते. मग श्रेय कोणाचे, हे सांगता आले नसते. दोन्हीकडचा काळ एकच, परिस्थिती सारखी आणि फरक केवळ उपायाचा, अशी मांडणी असली म्हणजे परिणाम उपायाचाच, असे खात्रीने म्हणता येते. 'योजना आली आणि सुधारणा झाली' या वाक्यातील 'आणि' चा अर्थ 'म्हणून' होतो की नाही, हे तपासणे म्हणजेच मूल्यमापन.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने राज्याच्या इतर भागांतही प्रत्यक्ष बालमृत्यू शासकीय नोंदींपेक्षा पुष्कळ अधिक असल्याचे दाखविले. शासनाने पुढे डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. २०११ मध्ये नवजात बालकाच्या घरच्या घरी काळजीचा कार्यक्रम देशपातळीवर स्वीकारण्यात आला. 'आशा' कार्यकर्तीने बाळाच्या पहिल्या बेचाळीस दिवसांत, रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास ६ व घरी झाली असल्यास ७ भेटी द्यावयाच्या, अशी त्यात आखणी आहे. ज्या मुलांची एके काळी नोंद होत नव्हती, त्यांच्या मोजणीतून एक राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला.

यातून प्रशासनाने घ्यावयाचा बोध मात्र कडवट आहे. नोंद सुधारली की प्रथम आकडा वाढतो. त्या वाढीबद्दल प्रामाणिक कर्मचाऱ्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली, तर पुढच्या वर्षी मृत्यू तेवढेच राहतात आणि नोंद तेवढी घटते. म्हणून वाढलेला आकडा पाहताच रागावण्याआधी, रोग वाढला की उजेड वाढला, हे वरिष्ठांनी विचारावयास हवे.

लहान गावाचा टक्का

येथेच एक व्यावहारिक सावधगिरी सांगणे इष्ट होईल. दीड हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारणपणे २२ मुले जन्मतात असे धरू. एकही मूल दगावले नाही तर बालमृत्यूदर शून्य. एक दगावले तर हजारी ४५ आणि दोन दगावली तर हजारी ९१. म्हणजे केवळ एका दुर्दैवी घटनेने गाव आदर्श ठरते किंवा कलंकित ठरते. अशा एका वर्षाच्या दरावरून ग्रामपंचायतीला बक्षीस देणे किंवा दोष देणे, दोन्ही अन्यायाचे. लहान गावांसाठी चार-पाच वर्षांचे आकडे एकत्र करावेत किंवा आरोग्य उपकेंद्राखालील सर्व गावे मिळून दर काढावा. मात्र दर काढताना गावे एकत्र केली तरी प्रत्येक मृत्यूची चौकशी स्वतंत्रच झाली पाहिजे; तेथे सरासरी चालत नाही.

दराच्या छेदाकडेही असेच लक्ष हवे. २०११ च्या जनगणनेनंतर २०२१ मध्ये व्हावयाची जनगणना ठरल्या वेळी होऊ शकली नाही. त्यामुळे दशक उलटून गेल्यावरही कित्येक टक्केवाऱ्या २०११ च्या लोकसंख्येवरच काढल्या गेल्या. स्थलांतराने रिकाम्या झालेल्या गावात लसीकरण ७० टक्के दिसते आणि शहरालगत फुगलेल्या गावात १२० टक्के. शंभराच्या वर गेलेला टक्का हा कार्यक्षमतेचा पुरावा नसून छेद जुना झाल्याची खूण असते.

पाण्याचा ताळेबंद

तिसरा प्रश्न असा की, आकडा मिळाल्यावर निवाडा कोणी करावयाचा? पाण्याच्या हिशेबात तो स्पष्ट दिसतो.

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले. समजा, गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर आहे. गावावर एकूण ५०० कोटी लिटर पाणी पडले. गावाची वस्ती २,००० असून जल जीवन मिशनच्या निकषाप्रमाणे दरडोई रोज ५५ लिटर पाणी धरले, तर वर्षाची घरगुती गरज सुमारे ४ कोटी लिटर होते. ही पडलेल्या पाण्याच्या शेकडा एक हिश्शाहूनही कमी आहे. तरीही एप्रिलमध्ये टँकर का लागतो?

पडलेल्या पाण्याचा मोठा भाग बाष्प होऊन जातो, काही ओढ्याने वाहून जातो, थोडा जमिनीत मुरतो आणि मुरलेल्यातील बराचसा पिकांना दिला जातो, असे त्याचे उत्तर आहे. उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत, पावसाचे धरून, २,००० मिलिमीटर पाणी लागते असे मानले तर एका हेक्टरला २ कोटी लिटर झाले. म्हणजे दोन हेक्टर उसाला लागणारे पाणी हे दोन हजार वस्तीच्या गावाच्या वर्षभराच्या घरगुती पाण्याएवढे आहे. शाळेतील सातवी-आठवीच्या मुलालाही करता येईल एवढा हा साधा गुणाकार आहे. परंतु ग्रामसभेत तो फळ्यावर मांडला की सभेचा सूर बदलतो.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने पावसाची मोजणी करून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची व त्यानुसार पिके ठरविण्याची प्रथा पाडली. उसासारख्या पिकांवर व सिंचनासाठी विंधन विहिरींवर गावानेच बंधन घातले. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आय. आय. टी. मुंबईच्या मदतीने गावनिहाय पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत बसविण्यात आली. पाऊस, जमिनीचा प्रकार, उतार व पिके यांची माहिती घेऊन किती पाणी मुरले आणि किती कमी पडणार, याचा अंदाज त्यात बांधला जातो. जोडअभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही.

संगणक येथे एवढेच सांगू शकतो की, अमुक पिके घेतली तर अमुक महिन्यात पाणी संपेल. ज्याने कर्ज काढून ठिबक बसविले त्याचा ऊस राहावा, की ज्याची विहीर उथळ आहे त्या शेजाऱ्याची ज्वारी वाचावी, हा निवाडा त्याच्या आवाक्यातला नाही. तो एकमेकांची तोंडे रोज पाहणाऱ्या माणसांनीच करावयाचा असतो. आकडेतज्ज्ञाचे काम तेथे दिवा धरण्याचे आहे.

यंत्राचा निवाडा

अलीकडे मात्र काही ठिकाणी निवाडाही यंत्राकडे सोपविण्याची घाई दिसते. एखादी संगणक-प्रणाली नव्वद टक्के अचूक आहे असे सांगितले जाते आणि ऐकणारा निश्चिंत होतो. हा नव्वदाचा आकडा उलगडून पाहू. गावात १,००० कुटुंबे असून त्यांतील २०० खरोखर लाभास पात्र आहेत असे समजू. प्रणालीने पात्र कुटुंबांपैकी ९० टक्के ओळखली; म्हणजे १८० यादीत आली व २० बाहेर राहिली. अपात्र ८०० कुटुंबांपैकी तिने ९० टक्के योग्य रीतीने वगळली. म्हणजे ८० चुकीने आत आली. यादी झाली २६० कुटुंबांची, त्यांतील ८० अपात्र, म्हणजे दर तीन-साडेतीन नावांमागे एक चूक. आणि ज्यांना खरी गरज होती अशा २० घरांत चूल पेटत नाही.

या दोन चुका कागदावर सारख्या दिसल्या तरी माणसाच्या आयुष्यात सारख्या नसतात. अपात्राला लाभ मिळाला तर शासनाचा पैसा जातो. पात्राचा लाभ गेला तर घरातील वृद्धाचे औषध जाते. कोणती चूक अधिक सहन करावयाची, हे ठरविणे हा धोरणाचा प्रश्न आहे. तो प्रणाली लिहिणाऱ्याच्या टेबलावर गुपचूप सुटता कामा नये.

शिवाय यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते आणि जुन्या नोंदींत जुने अन्याय असतात. सातबाऱ्यावर ज्याचे नाव तो शेतकरी, असे यंत्राला शिकविले तर पेरणी, खुरपणी, काढणी करणारी स्त्री त्याच्या लेखी शेतकरी ठरत नाही. कारण जमीन बहुधा पतीच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असते. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला ओळखता आला नाही, तर शिधा नाकारला जातो तो नेमका सर्वांत अधिक राबणाऱ्यालाच.

म्हणून यंत्राने केलेल्या प्रत्येक यादीबरोबर तीन गोष्टी असाव्यात : नाव का आले किंवा का वगळले याचे मराठीतून दिलेले कारण, ग्रामसभेत यादीचे वाचन, आणि ठरावीक मुदतीत निर्णय देणारा, नाव व हुद्दा असलेला अपील अधिकारी. त्याचबरोबर खासगीपणही जपावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाचा हक्क मूलभूत मानला आहे आणि २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संसदेने केला आहे. नाव गाळले की ओळख लपते, असे समजू नये. 'अमुक वाडीतील, तीन मुले असलेली, अमुक वयाची विधवा' एवढे लिहिले की गावाला नाव सांगण्याची गरज उरत नाही.

विद्यार्थ्याने काय शिकावे

राज्यात या अभ्यासाला अनुकूल संस्था आहेत. पुण्याची गोखले संस्था, १९३६ पासून सामाजिक शास्त्रांचे काम करणारी मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, लोकसंख्याशास्त्रासाठी १९५६ मध्ये स्थापन झालेली देवनारची संस्था आणि आय. आय. टी. मुंबईतील धोरण अभ्यासाचे केंद्र, ही त्यांची काही नावे. देवनारच्या संस्थेमार्फत होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पहिली फेरी १९९२-९३ मध्ये व पाचवी २०१९-२१ मध्ये झाली. अशी विस्तृत सामग्री अभ्यासकाला उपलब्ध होते, ही जमेची बाजू होय.

परंतु केवळ तयार सामग्रीवर पोसलेला विद्यार्थी अपुरा राहील. त्याच्या शिक्षणात चार अंगे असावीत. पहिले, नमुना, संभाव्यता व तुलनेची पद्धत यांचा पक्का पाया. दुसरे, संगणकावर हिशेब मांडण्याचे व तो दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येईल असा लिहून ठेवण्याचे कौशल्य. तिसरे, अर्थसंकल्प, शासन निर्णय आणि पंचायत राज कायद्याचे वाचन; कारण लेखाशीर्षच नसलेली सूचना कितीही शास्त्रशुद्ध असली तरी कपाटात राहते. चौथे आणि आवश्यक अंग म्हणजे काही आठवडे नोंद करणाऱ्या माणसांसोबत घालविणे. अंगणवाडी सेविका वजनकाट्याजवळ रडणाऱ्या मुलाचे वजन कसे लिहिते, तलाठी एका हंगामात किती गटांची पाहणी करतो, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला महिन्याला किती नमुने भरावे लागतात, हे ज्याने पाहिले त्याला प्रत्येक आकड्याची मर्यादा आपोआप समजते. एका सेविकेला तीच माहिती चार नोंदवह्यांत व दोन भ्रमणध्वनी प्रणालींत भरावी लागत असेल, तर माहितीच्या दर्जाचा पहिला उपाय नवी प्रणाली नसून जुन्या दोन नोंदवह्या बंद करणे हा आहे, हेही त्याला तेथेच कळेल.

आपले कर्तव्य

हा अभ्यास विद्यापीठाचा असला तरी त्याचे यश गावावर अवलंबून आहे. अधिकाऱ्यांनी अशा विद्यार्थ्याला आकड्यांबरोबर आकड्यांचा इतिहासही सांगावा : नमुना कधी बदलला, कोणत्या वर्षी पद रिक्त होते, कोणत्या महिन्याची माहिती अंदाजाने भरली गेली. त्याने काढलेला निष्कर्ष प्रतिकूल असला तरी फाईलमध्ये राहू द्यावा.

शिक्षकांनी शाळेत पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस मुलांकडून लिहून घ्यावा, विहिरीच्या पाण्याची पातळी महिन्याला मोजावी आणि भिंतीवर आलेख काढावा. सरासरी, शेकडेवारी व आलेख हे पाठ्यपुस्तकातील धडे गावच्या विहिरीवर शिकलेले मूल पुढे कोणत्याही छापील आकड्याला प्रश्न विचारू शकेल.

पंचायत सदस्यांनी प्रत्येक तक्ता पुढे येताच चार प्रश्न विचारण्याची सवय लावावी. हे कोणी मोजले? कशाच्या प्रमाणात मोजले? कोण मोजायचे राहिले? आणि चूक असल्यास दाद कोठे मागावयाची? या चार प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यास हरकत नसावी.

मोजलेले प्रत्येक माणूस दप्तरात एका रेघेचे असते. ती रेघ ओढणारा हात, तिची बेरीज करणारे यंत्र आणि तिच्यावर निवाडा देणारी सभा, या तिघांची एकमेकांशी ओळख करून देणे हे या नव्या विद्यार्थ्याचे काम आहे. त्याला दप्तराजवळ बसायला जागा करून देणे, हे आपले.